कॉन्टेसाचा क्लच हलका करायचाय? आधी घरातला वजनकाटा गाडीत घ्या

मागच्या उन्हाळ्यात घरातला वजनकाटा काखेत मारून गाडीकडं निघालो तर बायको म्हणे, अहो वजन करायचंच असंल तर उभं राहून करा की. तिला काय सांगणार, वजन माझं नाही, पायाचं करायचं होतं. गाडी म्हणजे कॉन्टेसा, आपली देशी मसल कार, अन् तिचा क्लच असा जड की छत्रपती संभाजीनगरात सिडकोपासून क्रांती चौकापर्यंत जालना रोडनं संध्याकाळी सहाला आलं की डावा गुडघा दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायचा. बंपरला बंपर, पहिला गिअर, न्यूट्रल, पहिला गिअर, अन् मोंढा नाक्याला पोरगं विचारतंय पप्पा तुमचा पाय का थरथरतोय.

यात माझे दोन क्लच सेट अन् बरेच पैसे गेले, मग अक्कल आली. ती इथं लिहून ठेवतो, कॉन्टेसा असो, जुनी जीप असो नाहीतर कुणाकडं खरीखुरी अमेरिकन आठ सिलिंडरची व्ही-८ असो, हिशोब सगळ्यांचा सारखाच आहे.

ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, कॉन्टेसा हिंदुस्तान मोटर्सनं १९८४ पासून २००२ पर्यंत बनवली, मूळ डिझाईन इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचं. लांब बॉनेट, रुंद तोंड, मागच्या चाकाला ताकद, दिसायला एकदम अमेरिकन. सुरुवातीला इंजिन मात्र अ‍ॅम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं, म्हणजे पैलवानाच्या अंगात मास्तरचं काळीज. नंतर इसुझूचं १.८ आलं तेव्हा कुठं गाडी पळायला लागली. माझी १.८ वालीच आहे, पण आधीच्या मालकानं गिअरबॉक्स दुसऱ्याच गाडीचा टाकलेला अन् पॅडलचं सगळं काम कुठल्याशा पिकअपचं उचलून बसवलेलं. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

तर पहिली चूक माझी अशी की क्लच जड लागतो म्हणून मी थेट क्लच बदलायला गेलो. गॅरेजवाला म्हणाला साहेब हेवी ड्युटी टाका, आयुष्यभर बघायला नको. टाकली. पहिल्यापेक्षा जड झाली. आता विचार केला तर हसू येतं, हेवी ड्युटी म्हणजे काय तर प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेटला इंजिनच्या फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या कव्हरचे) स्प्रिंग जास्त कडक, अन् ते स्प्रिंग दाबणार कोण तर आपलाच पाय. पण त्या वेळेला हेवी हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं मजबूत, म्हणजे चांगलं.

मग एका मित्रानं जुन्या गल्लीतल्या एका उस्तादांकडं पाठवलं. म्हाताऱ्यानं पॅडल दोन वेळा हातानं दाबलं, खाली वाकून बघितलं अन् म्हणला, "भाई, प्लेट का कसूर नै है, बीच का झगडा है." मधलं भांडण. पॅडलपासून प्रेशर प्लेटपर्यंत मधे जे जे काही आहे, बुश, पिन, केबल नाहीतर ऑइलचा मास्टर सिलिंडर, फोर्क म्हणजे दाबायचा दांडा, तो पुढं ढकलतो ते रिलीज बेअरिंग, या प्रत्येकाचा त्या जडपणात वाटा असतो. कुणाचा किती हे मोजल्याशिवाय नवा क्लच घ्यायचाच नाही, एवढी एकच गोष्ट डोक्यात ठेवली तरी तुमचे पैसे वाचतील.

मोजायचं कसं ते सांगतो. डिजिटल वजनकाटा इथं चालत नाही, तो वाकडा धरला की रुसतो अन् आकडा धरून ठेवतो. जुना सुईवाला काटा घ्या. पॅडलवर तिरका टेकवून त्याच अवस्थेत सुई शून्यावर आणा, मग त्यावर पाय ठेवून हळूहळू दाबत जा अन् बाजूला बसलेल्या माणसाला सगळ्यात मोठा आकडा वाचायला सांगा. पाच वेळा करा. माझा आकडा आला २१ किलो. मेहुण्याच्या नव्या हॅचबॅकमधे तोच काटा घेऊन बसलो तर ९. म्हणजे मी दर सिग्नलला त्याच्यापेक्षा दुप्पट वजन ढकलत होतो अन् वरून म्हणत होतो वय झालं आता.

नुसता आकडा पुरत नाही, तो कुठं लागतो तेही बघा. पॅडल दाबताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं जड, सोडताना मात्र पॅडल आळसावून वर येतंय, असं असंल तर मधे काहीतरी घासतंय. दाबताना जड अन् सोडताना पायाला फाडकन वर ढकलतंय, तर स्प्रिंगच कडक आहे नाहीतर लिव्हरेज (तरफेचा हिशोब) चुकलंय. अन् आधी हलका होता, वर्षादोन वर्षांत हळूहळू जड झाला, तर बहुतेक डायफ्रॅम (वाटीसारख्या एकाच स्प्रिंगच्या) क्लचची प्लेट संपत आलीय. हे लई जणांना उलटं वाटतं, झिजली म्हणजे ढिली व्हायला पाहिजे ना? पण डायफ्रॅमचं गणित तसं नाही, त्यावर येतोच.

आधी घासण्याचं बघू, कारण ते स्वस्त आहे. केबलवाली गाडी असंल तर केबल काढून ही गंमत करून बघा, मी मामाच्या मारुती ८०० च्या केबलवर केली. केबलचं बाहेरचं कवच दोन्ही टोकाला शिकंज्यात पक्कं धरलं, गाडीत जसं वळण घेती तसंच वळण दिलं, एका टोकाला पाण्यानं भरलेला ५ लिटरचा कॅन टांगला म्हणजे ५ किलो झाले, अन् दुसऱ्या टोकाला कापूस मोजायचा लटकता काटा अडकवून ओढलं. कॅन उचलायला काट्यावर ९ किलो लागले. ५ चे ९! म्हणजे मामाच्या पायातली निम्मी ताकद त्या केबलच्या गंजात जिरत होती. नवी केबल त्याच वळणानं लावली तर ६ च्या जरा वर. तेल सोडून जुनी केबल थोडी सुधारती पण आतली तार एकदा खरबडीत झाली की ती गेलीच समजा, अन् ज्या केबलच्या आत प्लॅस्टिकची नळी आहे तिच्यात तर कुठलंही तेल ओतू नका, फुगती. वळणाचा घेर जितका मोठा तितकी केबल हलकी, एक्झॉस्टच्या जवळून जात असंल तर बाजूला घ्या, आपल्याकडं मे महिन्यात तसंही सगळं भाजून निघतं.

माझ्या गाडीत केबल नव्हती, हायड्रॉलिक होतं, म्हणजे पॅडल मास्टर सिलिंडरमधलं ऑइल ढकलतं अन् ते ऑइल पलीकडच्या स्लेव्ह सिलिंडरची दांडी ढकलून फोर्क हलवतं, तरी घासायला जागा होत्याच. पॅडलच्या पिनचे बुश अंडाकृती झालेले, फोर्क ज्या गोळ्यावर टेकतो तो कोरडा ठाक, अन् रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकतं तिला चक्क खाच पडलेली. बुश टर्नरकडून पितळेचे करून घेतले, बाकी ठिकाणी उष्णता सोसणारं ग्रीस बोटाच्या टोकानं लावलं. लावलं म्हणजे थापलं नाही, ग्रीस उडून क्लच प्लेटवर गेलं की क्लच झटके मारतो अन् परत गिअरबॉक्स उतरवा. एवढ्यानं २१ चे १९ झाले. आता तुम्ही म्हणाल दोनच किलो, पण पॅडलचं ते आळसावून वर येणं बंद झालं तो फरक आकड्यात दिसत नाही.

आता खरा माल. लिव्हरेज.

हे जर समजलं तर बाकीचं सगळं सोपं आहे, त्यामुळं इथं जरा वेळ देतो. क्लच सोडवायला एक ठरावीक काम लागतं, इतका जोर अन् इतकं अंतर. पायाला जोर कमी लावायचा असंल तर अंतर जास्त द्यावं लागतं, विहिरीवरच्या रहाटासारखं, फुकटात काही मिळत नाही. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की तुमच्या पॅडलकडं द्यायला फालतू अंतर आहे का. माझ्याकडं भरपूर होतं, अन् त्याची खूण डोळ्यासमोर होती, पॅडल अर्ध्यावर गेलं की क्लच सुटायचा, खालचा अर्धा प्रवास निव्वळ वाया.

किती वाया हे मोजायची रीत उस्तादांनी दाखवली. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून मागून दगड. हँडब्रेक सोडलेला पाहिजे कारण तो मागच्या चाकांनाच धरतो, म्हणून तर दगड, अन् मागचं एक चाक उचलून खाली नुसता जॅक नाही तर स्टँड लावायचा. गाडी गिअरमधे टाकली की उचललेलं चाक हातानं फिरत नाही, अडतं. आता एकानं पॅडल अगदी हळू दाबत जायचं अन् दुसऱ्यानं चाकाला सारखा हात लावून ठेवायचा, ज्या क्षणाला चाक मोकळं फिरलं त्या क्षणाला थांबा म्हणायचं, अन् स्लेव्ह सिलिंडरची दांडी किती पुढं आली ते पट्टीनं मोजायचं. माझ्या गाडीला मोकळं व्हायला लागत होते १४ मिमी. पॅडल पूर्ण खाली दाबल्यावर दांडी येत होती २७ मिमी. म्हणजे गरजेच्या जवळजवळ दुप्पट! त्यातून जोर तर वाया जातच होता, पण बेअरिंग दर वेळेला प्रेशर प्लेटची बोटं (ज्यांना दाबून क्लच सुटतो त्या पट्ट्या) गरजेपेक्षा खोल दाबत होतं, माझी पहिली प्रेशर प्लेट दोन वर्षात बोटं मोडून का आली त्याचं उत्तर हे. तेव्हा मी माल डुप्लिकेट निघाला म्हणून दुकानदाराशी भांडून आलो होतो.

हे जास्तीचं अंतर विकून हलकेपणा घ्यायला दोन जागा आहेत. एक पॅडलवरच. पॅडलच्या वरच्या खिळीपासून पाय ठेवायच्या जागेपर्यंत माझं अंतर ३०० मिमी अन् मास्टर सिलिंडरची दांडी जिथं जोडलेली ते भोक खिळीपासून ६० मिमीवर, म्हणजे पाचास एक. भोक ५० मिमीवर घेतलं की सहास एक, जोर १७ टक्के कमी. नवं भोक पाडताना दांडी सिलिंडरमधे सरळच गेली पाहिजे, तिरपी गेली तर सील एका बाजूनं खाती अन् महिन्याभरात पायावर ऑइल. गरज पडली तर मास्टर सिलिंडरखाली पत्र्याची चकती देऊन कोन जुळवा.

दुसरी जागा मास्टर सिलिंडरचा बोअर. लोक याच्याकडं बघतच नाहीत. पिकअपमधून आलेला माझा मास्टर पाऊण इंची होता. पाऊण इंचाच्या जागी पाच अष्टमांश इंची टाकला तर पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ३० टक्क्यांनी कमी होतं, तेवढाच जोर कमी, अन् पॅडल त्याच हिशोबात जास्त दाबावं लागतं. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर चालतं, त्यामुळं दिसायला जरासाच बारीक सिलिंडर पायाला एवढा मोठा फरक देतो. दोन्ही बदल केल्यावर स्लेव्हची दांडी साडेपंधरा मिमी यायला लागली, लागत होते १४, म्हणजे दीड मिमी हातात. अन् काट्यावर? ११. त्याच हेवी ड्युटी प्रेशर प्लेटवर, क्लचला हातही न लावता.

बारीक बोअर घेताना एक खबरदारी, हातात काही शिल्लकच नसंल तर हा उद्योग करू नका. क्लच पूर्ण सुटणार नाही, गिअर टाकताना कर्र आवाज, अन् सिंक्रोची (गिअर आवाज न करता जुळवणाऱ्या कड्यांची) वाट लागणार. स्लेव्ह मोठा घेऊनही हाच फायदा मिळतो पण तो बसवायला जागा लागती, मास्टर बदलणं सोपं. अन् नवा मास्टर बसवल्यावर ऑइलच्या पाइपातली एअर नीट काढा, अर्धवट काढली तर पॅडल मऊ लागतं अन् माणूस खुश होतो की बघा किती हलकं झालं, ते हलकं नाही, पोकळ आहे.

एवढं करूनही जड असंल किंवा प्लेट तशीही बदलायला आलीच असंल, तर मग क्लच निवडायचा. इथंही आधी हिशोब. क्लच किती ताकद धरू शकतो ते चार गोष्टींवर ठरतं: प्रेशर प्लेट किती दाबती, लायनिंगची (क्लच प्लेटवरच्या थराची) पकड किती, घासणाऱ्या बाजू किती, अन् क्लच प्लेटची सरासरी त्रिज्या किती. चौघांचा गुणाकार. पायाला जड करणारी यातली फक्त पहिली, दाब. म्हणजे दाब कमी ठेवून बाकी तिघांतून पकड मिळवता आली तर पाय सुखी.

माझ्या इंजिनचा टॉर्क (फिरवायचा जोर) हिशोबाला १४ किलोग्रॅम-मीटर धरू. प्लेट २०० मिमीची, लायनिंग १३० पासून सुरू होतं, म्हणजे सरासरी त्रिज्या सव्वाआठ सेंटिमीटर. साध्या ऑरगॅनिक लायनिंगची पकड ०.३ धरा. दोन बाजू. आता ३५० किलोचा दाब घेतला तर क्लच १७ च्या वर धरतो, इंजिनच्या सव्वापट, साध्या वापराला ठीक. मला विकली होती ती ५०० किलोची, पावणेदोन पट. रेस लावायची नाही, ट्रॉली ओढायची नाही, वर्षातून दोनदा कन्नडचा औट्रम घाट चढायचा, तर एवढा दाब कशाला? सव्वा ते दीड पट बास झालं. घाटात गर्दीत अडकून हाफ क्लचवर गाडी धरायची सवय असंल तर दीडकडं झुका, किंवा सवय सोडा.

अन् तिकडं खऱ्या मसल कारला काय लागतं ते बघा म्हणजे अंदाज येईल. १९७० च्या शेव्हेल एसएसमधे जे ४५४ घनइंचाचं एलएस-६ इंजिन यायचं त्याचा टॉर्क ५०० पाउंड-फूट, म्हणजे आपल्या भाषेत ६९ किलोग्रॅम-मीटर, माझ्या कॉन्टेसाच्या पाचपट. ११ इंची प्लेट घेतली तरी १३५० किलोच्या आसपास दाब लागतो. तिथं पाय दुखतो म्हणणाऱ्याला नावं ठेवायची सोय नाही.

दाब कमी ठेवायचा पहिला मार्ग मोठी प्लेट. फ्लायव्हीलवर जागा असंल तर २०० च्या ऐवजी २२५ ची प्लेट बसवा, तेवढ्याच पकडीला ३५० च्या जागी साधारण ३१० किलो पुरतात. पण फ्लायव्हीलला नवी भोकं, डॉवेल पिन, बेलहाऊसिंगच्या (क्लचवरच्या घुमटाच्या) आत जागा, सगळं बघावं लागतं अन् गिअरबॉक्स शाफ्टचे दाते जुळले पाहिजेत. दात्यांची संख्या आणि शाफ्टची जाडी मोजूनच दुकानात जा, नमुना म्हणून जुनी प्लेट पिशवीत घालून नेली तर सगळ्यात बरं. मोठी प्लेट वजनानंही जड असती, त्यामुळं गिअर जरा सावकाश पडतो, हे कुणी सांगत नाही.

दुसरा मार्ग जास्त बाजू, म्हणजे डबल प्लेट. दोनाच्या चार बाजू झाल्या की दाब निम्मा पुरतो. अमेरिकेत सहाशे-सातशे घोड्यांच्या गाड्या चालवणारे लोक हाच उपाय करतात अन् पॅडल साध्या गाडीवानी लागतं म्हणतात. महाग असतो, अन् आपल्या १४ किलोग्रॅम-मीटरला डबल प्लेट म्हणजे चिमणी मारायला तोफ. सोडून द्या.

तिसरा मार्ग लायनिंगची पकड वाढवायची, सिरॅमिक बटन. हे आपल्याकडं सगळ्यांनी बघितलंय, उसाच्या डबल ट्रॉलीवाल्या ट्रॅक्टरला टाकतात तीच बटन प्लेट. पकड जास्त म्हणून दाब कमी लागतो, कागदावर भारी. पण बटन एकदम धरतं, मधलं अंतरच नाही, गर्दीत गाडी बेडकासारखी उड्या मारती अन् फ्लायव्हीलही खाती. शेतात चालतं, निराला बाजारातल्या गर्दीत नाही. रस्त्यावरच्या गाडीला ऑरगॅनिकच घ्या, मधे स्प्रिंगवाली.

आता प्रेशर प्लेटचा प्रकार, अन् इथं जुन्या अमेरिकन गाड्यांकडून शिकण्यासारखं आहे. जुना प्रकार तीन बोटांचा, आत गोल वळणाचे स्प्रिंग बसवलेले अन् बाहेर तीन लिव्हर. हे स्प्रिंग जितके दाबाल तितके जास्त उलटे ढकलतात, म्हणजे पॅडल तळाला गेल्यावर सगळ्यात जड, अन् सिग्नलला आपण पाय ठेवून बसतो ते नेमकं तिथंच. दुसरा डायफ्रॅम, वाटीसारखी बाक दिलेली एकच पोलादी चकती अन् मधे कापलेली बोटं. तेलाच्या पत्र्याच्या डब्याचं बूड अंगठ्यानं दाबून बघा, आधी जोर लागतो अन् मग टक्कन आत जातं, पुढं धरून ठेवायला ताकद लागत नाही. डायफ्रॅमचं तसंच, मधे कुठंतरी जोर जास्तीत जास्त अन् तळाला उतरता. दाब सारखाच असला तरी सिग्नलला थांबल्यावर पाय वाचतो. प्लेट झिजली की हीच वाटी जास्त बाकदार अवस्थेत बसती अन् जोर आधी वाढतो, म्हणून मघाशी म्हणलं की जुना डायफ्रॅम क्लच जड लागला तर प्लेट तपासा.

साठच्या दशकात शेव्हरोलेच्या बऱ्याच गाड्यांत डायफ्रॅम होता, फोर्ड अन् क्रायस्लरवाले तीन बोटांवर होते. फोर्डच्या लाँग नावाच्या प्रकारात बोटांच्या टोकाला वजनं असायची, इंजिन फिरायला लागलं की ती बाहेर फेकली जाऊन दाब वाढवायची, त्यामुळं कंपनीला स्प्रिंग जरा नरम ठेवता यायचे. उभ्या गाडीत पॅडल बरं लागायचं, सहा हजार आरपीएमला मात्र तेच पॅडल दगड. गर्दीतल्या माणसाला हा सौदा वाईट नाही.

क्रायस्लरच्या गाड्यांत पॅडलजवळ एक मोठा मदतीचा स्प्रिंग असायचा, पॅडल अर्ध्याच्या पुढं गेलं की तो उलट बाजूनं ओढून पायाला मदत करायचा. आता लोकांनी काय केलं, तीन बोटांचा काढून हलका डायफ्रॅम टाकला अन् तो स्प्रिंग तसाच ठेवला. परिणाम, जोरात गिअर बदलताना पॅडल खालीच चिकटून राहायचं, कारण डायफ्रॅमकडं तळाला परत ढकलायचा जोरच कमी अन् स्प्रिंग खाली ओढतोय. म्हणून तिकडचा नियमच आहे, डायफ्रॅम घातला की तो स्प्रिंग काढा. आपल्याकडंही कुणी पॅडलला मदतीचा स्प्रिंग वेल्ड करून देतो म्हणलं तर हे आठवा, मी एका जीपचं पॅडल असंच खाली बसलेलं बघितलंय अन् ड्रायव्हर बुटाच्या टोकानं ते वर उचलत होता.

दुकानात गेल्यावर हेवी ड्युटी आहे का असं विचारूच नका. या प्लेटचा क्लॅम्प लोड म्हणजे दाब किती किलो, डायफ्रॅम आहे का, प्लेटचा व्यास किती, दाते किती, एवढंच विचारा. क्लॅम्प लोड सांगता येत नसंल तर बॉक्सवरचा पार्ट नंबर घेऊन कंपनीच्या कॅटलॉगमधे बघा, माहीत नसलेल्या प्लेटवर पैसे लावू नका. बोटं बदलून, स्प्रिंग बदलून जुनं कव्हर नव्यासारखं करून देणारे असतात, तीन बोटांच्या प्रकारात ते जमतं पण तिन्ही बोटं एका उंचीला लावलेली पाहिजेत, एक जरी खालीवर राहिलं तर गाडी उचलताना थरथरती. डायफ्रॅमचं कव्हर मात्र दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवंच घ्या.

गिअरबॉक्स उतरलाच आहे तर रिलीज बेअरिंग, पायलट बुश (गिअरबॉक्स शाफ्टचं टोक धरणारा) अन् क्रँकचं मागचं ऑइल सील तिथल्या तिथं बदला, या तिघांच्या पैशापेक्षा परत उतरवायची मजुरी जास्त आहे. फ्लायव्हीलला लेथवर फेसिंग मारून घ्या, पण पायरीवाला फ्लायव्हील असंल तर दोन्ही पातळ्या सारख्याच उतरवायला सांगा, नाहीतर दाब बदलतो अन् तुम्ही केलेला सगळा हिशोब पाण्यात. प्लेट बसवायच्या आधी हात धुवा. हसू नका, ग्रीसचे हात लायनिंगला लागून झटके मारणारे क्लच मी बघितलेत.

मी शेवटी हेवी ड्युटी काढून ३५० किलोची डायफ्रॅम टाकलीच, कारण त्या प्लेटचं लायनिंग संपलं होतं. काटा ८ वर आला, मेहुण्यापेक्षा एक किलो कमी. पहिले पाचशे किलोमीटर शहरातच सावकाश चालवली, लायनिंग बसायला वेळ द्यावा लागतो, तोवर रेस मारून गाडी उचलायची नाही. मग एकदा रिकाम्या रस्त्याला टॉप गिअरला ५० च्या स्पीडला पूर्ण रेस देऊन बघितली, आरपीएम नुसतं चढलं अन् स्पीड वाढला नाही तर क्लच घसरतोय असं समजायचं. नाही घसरला.

पण चौथ्या दिवशी रिव्हर्स टाकताना कर्र वाजलं. माझ्या पोटात गोळा. परत चाक उचललं, परत पट्टी लावली, दांडी साडेपंधराच्या जागी तेरा. एअर बघितली, नाही. ऑइल बघितलं, बरोबर. अर्धा तास डोकं खाजवल्यावर खाली बघितलं तर बायकोनं गाडी सजवायला म्हणून जाड केसाळ फूटमॅट आणून टाकलेली, पॅडल तिच्यावर टेकत होतं अन् हातात राखलेला दीड मिमी अन् वर आणखी एक त्या मॅटनं खाल्ला होता. मॅट आता मागच्या सीटखाली असती, पोरगं तिच्यावर पाय ठेवून बसतं.